कॉम्प्युटर मधेच हँग होतो, फॉरमॅट मारू का?

हा प्रश्न मला सतत कुणी ना कुणी विचारतं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घरचा किंवा दुकानातला डेस्कटॉप चालता चालता थिजतो, शेवटी बटण दाबून बंद करावा लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग फॉरमॅट मारायचा का? माझं उत्तर एकच: आत्ता नको. आधी फाइली दुसरीकडे काढून घ्या.

मी यावर अडून बसतो त्याला कारण आहे. हार्ड डिस्कवरचा एखादा सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचा छोटासा कप्पा, वाचता येईनासा झाला की डिस्क तोच पुन्हा पुन्हा वाचायला बघते आणि तेवढा वेळ विंडोज खोळंबून राहतं. माउस हलतो, पण काही उघडत नाही. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सतत पेटलेला असतो. अशा डिस्कवर नव्याने लिहिलं गेलं की ती खराब सेक्टरऐवजी राखीव सेक्टर वापरायला लागते. त्यामुळे फॉरमॅटनंतर काही दिवस बरे जातात आणि गुण आला असं वाटतं. डिस्क खराब होणं काही थांबलेलं नसतं, आणि मुलांचे फोटो, दुकानाचा हिशेब मात्र गेलेला असतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका. त्यात ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’च्या ओळीत ‘रॉ व्हॅल्यूज’खाली शून्याशिवाय दुसरं काही दिसलं, तर नवी डिस्क घ्या. तिथे कंजुसी नको.

मशीन थिजलं की लगेच बटण दाबू नका. कॅप्स लॉक दाबा. की-बोर्डवरचा दिवा चालू-बंद झाला तर विंडोज आतून जिवंत आहे. डिस्क, ग्राफिक्सचा ड्रायव्हर (पडद्यावरचं चित्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) किंवा एखादा प्रोग्रॅम अडलाय. विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, कधी कधी तेवढ्यानेही पडदा परत येतो. दिवा ढिम्म राहिला तर माझा संशय रॅम (मेमरीची पट्टी), एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) नाहीतर मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) यांच्यावर जातो.

आणि वेळ लिहून ठेवा. आमच्याकडच्या एका झेरॉक्सच्या दुकानातल्या ताईंनी हे मनापासून केलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात वेळ आणि शेजारी तेव्हा चाललेलं काम. ते वाचतानाच लक्षात आलं, की झेरॉक्स मशीन बराच वेळ पडून राहिल्यानंतरच्या पहिल्या कॉपीला कॉम्प्युटर थिजतोय. मशीन जागं होताना त्यातला हीटर एकदम भरपूर करंट ओढतो, आणि दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते. चांगला एसएमपीएस असा झटका पचवतो. यांचा जुना होता. जाळीतून टॉर्च मारला तर आतल्या कपॅसिटरची (चार्ज साठवणाऱ्या छोट्या डब्यांची) डोकी फुगलेली स्पष्ट दिसत होती. वर बोर्डाला अर्थिंगच नव्हतं. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर 230 च्या साधारण निम्मे व्होल्ट येतात. हाताला झिणझिण्या येतात त्या त्याच. नवा एसएमपीएस बसवला, झेरॉक्सला वेगळा सॉकेट दिला, वायरमनकडून अर्थिंग करून घेतलं, आणि तक्रार मिटली. विंडोजला कुणी हातही लावला नाही. जुना एसएमपीएस घरी उघडून बघू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

रॅमचं म्हणाल तर प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि मगच पट्टी काढा. सोनेरी टोकांवरून मऊ पांढरा खोडरबर हलकेच फिरवा. सोन्याचा थर फार पातळ असतो, खसाखसा घासू नका. रबराचा चुरा ब्रशने झाडून पट्टी टक्क आवाज येईपर्यंत बसवा. तरी थिजतंय? पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86+ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवा. त्यात एक जरी एरर आली तरी दोन पट्ट्यांपैकी एकेकच लावून पुन्हा चालवा. रॅममध्ये ‘थोडीशी चूक’ चालत नाही.

धूळ जरूर साफ करा, पण सगळा दोष उष्णतेवर टाकू नका. तापलेला प्रोसेसर आधी मंदावतो आणि फारच तापला तर मशीन थेट बंद पडतं. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतल्या ‘कर्नल-पॉवर 41’ या नोंदीला तर अनेक जण उगाच घाबरतात. मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं, एवढंच ते सांगतं. तुम्ही बटण दाबून बंद केलंत तरी ते उमटतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मशीन नेहमीसारखं वापरून बघा. डिस्क, रॅम, वीज हे सगळं ठीक निघालं, तर मग फॉरमॅट मारा, माझी हरकत नाही. कोऱ्या विंडोजवरही थिजलं, तर बहुतेक मदरबोर्ड गेलाय. जुन्या मशीनसाठी तसाच सेकंडहँड बोर्ड शोधत पैसे घालू नका. डिस्क चांगली असेल तर ती काढून नव्या मशीनला लावा.