सी मेजरनंतर: जी, एफ आणि डाव्या हाताचे तीन कॉर्ड

पियानोवर सी मेजर स्केल (सी म्हणजे पांढरी एक; स्केल म्हणजे ओळीने वाजवायचे स्वर) दोन्ही हातांनी सुटा-सुटा बसलाय, इथून पुढची ही नोंद. पेटीवरून पियानोकडे आलेल्यांना जास्त उपयोगी पडेल.

लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे सेमीटोन. रंगाचा संबंध नाही. ई आणि एफ दोन्ही पांढऱ्या, तरी अंतर एका सेमीटोनचंच, बी आणि सीचंही तसंच. दोन सेमीटोन म्हणजे एक टोन. मेजर स्केलची अंतरं सेमीटोनमध्ये २-२-१-२-२-२-१. हा आपला बिलावलच. फरक इतकाच की सा पट्टीनुसार सरकतो, सी जागचा हलत नाही. पांढरी पाचला सा धरून बिलावल वाजवला की तो जी मेजर, आणि त्यातला नी एफ शार्प (एफपेक्षा एक सेमीटोन वर), म्हणजे काळी तीन.

हा शार्प क्लेफच्या (स्वरलिपीच्या पाच रेघांच्या सुरुवातीच्या खुणेच्या) लगेच पुढे एकदाच लिहितात, ती की सिग्नेचर. ट्रेबल क्लेफमध्ये (वरच्या स्वरांच्या, बहुतेक उजव्या हाताच्या ओळीत) तो सगळ्यात वरच्या रेघेवर असतो, पण लागू पडतो प्रत्येक सप्तकातल्या एफला. खालचा एफ साधाच वाजवणं ही इथली नेहमीची चूक. मध्येच एखाद्या स्वरापुढे आलेला शार्प मात्र बारची (मात्रांचे गट पाडणारी उभी) रेघ आली की संपतो.

जी मेजरला उजव्या हाताची बोटं सीसारखीच (अंगठा १, करंगळी ५): १-२-३-१-२-३-४-५. एफ शार्पवर चौथं बोट येतं.

एफ मेजरला हे चालत नाही. चौथा स्वर बी फ्लॅट (बीपेक्षा एक सेमीटोन खाली). सवयीने तिसऱ्या बोटानंतर अंगठा खाली घातला तर तो थेट काळ्या पट्टीवर. आखूड अंगठा तिथवर न्यायला अख्खा हात आत ढकलावा लागतो आणि कोपर बाहेर फेकलं जातं. म्हणून १-२-३-४-१-२-३-४. डावा हात मात्र नेहमीचा, ५-४-३-२-१-३-२-१. यात एक फायदा दडलाय: चढताना दोन्ही अंगठे एकदमच सीवर येतात. सी मेजरमध्ये उजवा अंगठा एफवर, डावा जीवर, म्हणून हात जोडताना तिथे हमखास अडखळायला होतं. दोन्ही हात एकत्र करायला एफ मेजर आधी घ्यावा, असं आमचं मत, पुस्तकांचा क्रम काहीही असो.

अंगठ्याचा स्वर ठणकन मोठा येत असेल तर अंगठा उशिरा निघतोय. दुसरं बोट वाजतानाच अंगठा तळव्याखाली सरकायला हवा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर ठेवून, ठोक्याला एक स्वर, फक्त ई-एफ-ई-एफ (३-१-३-१) घोळवावा. मनगट वळायला लागलं की थांबायचं.

आता डाव्या हाताचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वर. सी-ई-जी (५-३-१), सी-एफ-ए (५-२-१), बी-एफ-जी (५-२-१): हे सी, एफ आणि जी सेव्हन. जी सेव्हनमधला (जी-बी-डी-एफ) डी मुद्दाम गाळलाय. सीवरून त्यावर जाताना जी जागेवरच राहतो, करंगळी सीवरून बीवर, आणि ई सोडून दुसरं बोट एफवर. परततानाही हलतात फक्त खालचे दोन स्वर, तेही एकेक सेमीटोन. तरी अंगठा उचलला जातोच. जीची पट्टी दाबून धरून बाकीची बोटं बदलून बघा. करंगळी आडवी पडून ए आणि बी एकत्र दबत असतील, तर बाक मनगटाजवळ नाही, बोटाच्या पेरांत हवा.