पंपाच्या लॉगबुकातली नऊ नावं

पालिकेच्या लेखा विभागात मी प्रमाणकं, म्हणजे खर्चाची बिलं, तपासते. खर्च कोणत्या सदरातला ते लेखाशीर्ष, मंजुरी, पोच बघायची आणि सही करायची, नाहीतर आक्षेप लिहून कागद परत पाठवायचा. त्या दिवशी जेवणाची दोन बिलं टेबलावर एकापाठोपाठ आली.

पहिलं अर्थसंकल्पाच्या बैठकीचं. नस्ती, म्हणजे फाईल, अगदी बघावी अशी: पूर्वमंजुरी, विषयपत्रिका, उपस्थितांच्या सह्या, ताटांची संख्या, सगळं जागच्या जागी. दुसरं बिल मीच आधी परत पाठवलेलं. अतिवृष्टीच्या रात्री रस्ते बंद झाल्याने पुढची पाळी पोचलीच नाही आणि पंपिंग स्टेशनवरची माणसं तिथेच अडकली, त्यांच्या जेवणाचं. पावती भिजून शाई पसरलेली, मागे ‘स्टाफ’ एवढाच शब्द. त्यावर माझा लाल शेरा: ‘उपस्थितांची यादी नाही, पूर्वमंजुरी नाही.’ पैसे उपअभियंत्यांनी खिशातून भरले होते.

बिल घेऊन पंपचालक स्वतः आला होता.

“मॅडम, साहेबांनी आता विचारायचंही सोडलंय. पण आम्ही त्या रात्री जेवलो, हे खरं आहे. यादीवर सह्या आता घेतल्या तर त्या खोट्या ठरतील.”

मागच्या तारखेच्या सह्या गोळा करणं किती सोपं आहे, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. हा माणूस ते करायला तयार नव्हता. मी त्याला पंपाचं लॉगबुक आणायला सांगितलं.

रात्री 9 ते सकाळी 6, दर तासाला पाण्याची पातळी, कोणता पंप चालू, सही. 11 च्या नोंदीपर्यंत अक्षर वळणदार. 2 च्या नोंदीत ते ओळ सोडून खाली घसरलेलं. 3 च्या रकान्यात चिखलाचा अंगठा उमटलेला, आणि पुढे ‘जाळीतला कचरा काढला, चौघे खाली उतरले’, चौघांच्या नावांसकट. पानं उलटत मी नावं मोजली. नऊ. पावतीवर ताटंही नऊच. यादी पहिल्यापासून होती. मी ती ठरावीक नमुन्यात मागत बसले होते. पूर्वमंजुरी तर पूर आल्यावर कोण आणि कुठून घेणार? त्या चौघांची नावं वाचताना माझा तो लाल शेरा मला बघवेना.

मग पहिली नस्ती पुन्हा उघडली आणि त्याच तारखेची प्रवास देयकं काढली. बाहेरून बैठकीला आलेल्या तिघा अधिकाऱ्यांनी पूर्ण दैनिक भत्ता उचलला होता. दैनिक भत्त्यात जेवण धरलेलंच असतं. म्हणजे एकाच जेवणाचे पैसे लोकांनी दोनदा भरले, आणि कागदात कुठेही खोट नव्हती. अमेरिकेत केंद्र सरकारच्या प्रवास नियमांत याला सरळ उत्तर आहे: सरकारने जेवण दिलं असेल, तर तेवढी रक्कम भत्त्यातून वजा होते.

मी वसुलीची टिपणी लिहिली. वरिष्ठ म्हणाले, “एवढ्याशासाठी कशाला वाकडेपणा घेता? सगळीकडे चालतं.”

जपानमध्येही सगळीकडे चालायचं. स्थानिक सरकारांचे अधिकारी केंद्रातल्या अधिकाऱ्यांना लोकांच्या पैशाने जेवू घालायचे. 1995 मध्ये तिथल्या नागरिकांच्या गटांनी माहिती मागवून तो खर्च बाहेर काढला आणि ‘कानकान सेत्ताई’, म्हणजे अधिकाऱ्यांनी केलेली अधिकाऱ्यांची सरबराई, हा शब्द देशभर गाजला. मी वरिष्ठांना हे सांगितलं. त्यांनी टिपणी ठेवून घेतली.

पालिकेने कुणाच्याच जेवणाचा खर्च करू नये, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. कामाने ज्याला स्वतःच्या जेवणापर्यंत जाऊ दिलं नाही, त्याचं ताट संस्थेनेच भरावं. पूरनियंत्रण असो, रात्रभर चाललेली मतमोजणी असो. दूरच्या कामाच्या तपासणीला गेलेल्या अभियंत्याचंही. तिथे पालिकेने हात आखडता घेतला की कंत्राटदार पुढे होतो, आणि त्याच दुपारी मोजमाप पुस्तिकेत त्याच कंत्राटदाराच्या कामाची लांबी-रुंदी लिहायची असते. असं फुकटचं ताट सगळ्यात महाग पडतं. पण पगार आहे, जेवणाची सुट्टी आहे, बैठक दुपारी संपली आहे, तिथे पद मोठं म्हणून ताट का? मला आजवर एकही पटणारं कारण मिळालेलं नाही.

लॉगबुकाच्या पानांच्या प्रती काढल्या, साक्षांकित करून बिलाला जोडल्या. लाल शेऱ्याखाली निळ्या शाईने लिहिलं, ‘आक्षेप मागे’. पंपचालक ते वाचून म्हणाला, “साहेबांना आजच सांगतो,” आणि लॉगबुक काखेत घेऊन घाईने निघाला. तासाची नोंद व्हायची होती.

वसुलीची टिपणी अजून वरिष्ठांच्या टेबलावर आहे. दर सोमवारी मी तिचं विचारते.