तुम्ही विचारलंत म्हणून: समोरचा सारखा अंगावर येतो तेव्हा

पोकरमध्ये हेड्स-अप, म्हणजे दोघांतच, खेळायला लागलेले बरेच जण मला हेच विचारतात, की समोरचा प्रत्येक हँडला रेझ करतो (लावलेली रक्कम वाढवतो), फ्लॉपला (टेबलावर उघडलेले पहिले तीन पत्ते) बेट (पैसे लावणं), टर्नला (चौथा पत्ता) बेट, श्वासच घेऊ देत नाही, मग करायचं काय?

पहिलं म्हणजे चिडायचं नाही. दोघांतच खेळ असला की आक्रमक खेळणं ही चूक नाहीच. २०१७ मध्ये लिब्रेटस या पोकर खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामने चार प्रोफेशनल्सना १,२०,००० हँड्समध्ये हरवलं, तोही पॉटपेक्षा (मध्ये जमलेल्या पैशांपेक्षा) मोठे बेट बिनधास्त मारायचा. तुम्ही बिग ब्लाइंडवर (पत्ते मिळायच्या आधीच ठरलेली रक्कम लावायची जागा) आहात, बटनवरून (डीलरची जागा; दोघांत खेळताना तिथला अर्धा ब्लाइंड आधीच लावतो) अडीच बिग ब्लाइंडपर्यंतचा रेझ आला आणि तुम्ही साधारण ५७ टक्क्यांहून जास्त वेळा फोल्ड करताय (पत्ते टाकून देताय), तर त्याला पत्ते बघायचीही गरज नाही, नुसत्या तुमच्या फोल्डवरच तो फायद्यात. म्हणून तिथे जास्त हँड्स खेळाच.

पण खरी गंमत मधल्या, म्हणजे ना भक्कम ना कचरा अशा, हँड्सची आहे, लोक तिथेच घाबरतात. माझ्याकडे बदाम राजा आणि चौकट नव्वी होती, फ्लॉप इस्पिक राजा, इस्पिक सत्ती, चौकट चव्वी. मी चेक (काही न लावता थांबले), त्याचा बेट, मी कॉल (तेवढेच पैसे भरले). टर्नला किलवर दुर्री, परत बेट, परत कॉल. रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) बदाम गुलाम आला आणि त्याने पूर्ण पॉटएवढा बेट टाकला. हात थरथरतो अशा वेळी, माझाही थरथरला. पण हिशोब बघा, पॉटएवढ्या बेटला कॉल करायला तीनातून एकदा जिंकलं तरी पुरतं. आणि माझ्या हातात इस्पिकचा एकही पत्ता नाही, म्हणजे त्याचे हुकलेले फ्लश ड्रॉ (पाच इस्पिक जमवायचे प्रयत्न) सगळे शिल्लक, छक्की-पंजीही (सलग पाच पत्ते जमवायला बघणारी) हुकलेली. मी कॉल केला. मधेच रेझ केला असता तर हे ब्लफ पळाले असते आणि फक्त मला हरवणारे हँड्स उरले असते, म्हणून अशा माणसाला बेट मारू द्यायचा, त्याच्या हातून दोर काढून घ्यायचा नाही.

प्रीफ्लॉपला (फ्लॉपच्या आधी) फारच थ्री-बेट (माझ्या रेझवर त्याचा परत रेझ) येत असतील तर मी बटनवरचे अगदी कचरा हँड्स सोडते, आणि एक्का-पंजी सूटेडने (दोन्ही पत्ते एकाच चिन्हाचे) अधूनमधून फोर-बेट (त्यावर आणखी रेझ) करते कारण एक एक्का माझ्याकडे असला की त्याच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार ६ वरून ३ वर येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तो *कुठे* आक्रमक आहे ते बघा. फ्लॉपला सपासप बेट मारणारे कितीतरी जण रिव्हरला एकदम प्रामाणिक होतात, म्हणून शोडाउनला (शेवटी पत्ते उघडताना) काय दाखवलं ते प्रत्येक वेळी नोटमध्ये लिहून ठेवा. तिन्ही स्ट्रीटवर (फ्लॉप, टर्न, रिव्हर) बेट मारून दरवेळी टू पेअर (दोन जोड्या) किंवा सेटच (एकाच किमतीचे तीन पत्ते) दाखवत असेल, तर त्याच राजा-नव्वीला मी रिव्हरवर फोल्ड करते, आणि पुढचा हँड खेळते.