बॉनेटवरचा चीक

मे महिन्यात कोकणातल्या घरी गाडी घेऊन जाणाऱ्याची पहिली शोधाशोध सावलीसाठी असते. गुहागरजवळच्या आमच्या आगरात सावलीला तोटा नाही. पण नारळ पडताना ज्याने एकदा पाहिला आहे, तो माडाखाली गाडी उभी करीत नाही. आंब्याची तऱ्हा निराळी. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे पानामोहोरातला रस शोषतात आणि न पचलेली साखर चिकट तुषारांच्या रूपाने खाली सोडतात, त्यामुळे सकाळी काचेवर दिसणाऱ्या ज्या ठिपक्यांना आपण झाडाचा चीक म्हणून नावे ठेवतो, ती खरे पाहता किड्यांची विष्ठा असते. ती कोमट पाण्याने निघते. राहू दिली तर तिच्यावर काळी बुरशी चढते. आंब्याचा खरा चीक उडतो तो देठ मोडल्यावर, आणि तो इतका जहाल असतो की फळाच्या सालीवरही काळा डाग पाडतो. देठासकट आंबा उतरवता यावा म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नूतन झेला काढला तो याचसाठी. एवढे सगळे ठाऊक असल्यामुळे मी मोठ्या हुशारीने गाडी फणसाखाली लावली.

त्याच सकाळी काकांनी शिडी लावून एक कापा फणस कोयत्याने उतरवला. फणस दोराने अलगद खाली आला. मात्र झाडावर राहिलेल्या देठाच्या तुकड्यातून दुधासारखा चीक टपटपत राहिला आणि ते थेंब कोणी पाहिले नाहीत. दुपारची झोप काढून मी बाहेर आलो तेव्हा पांढऱ्या बॉनेटवर सात-आठ तपकिरी टिकल्या बसल्या होत्या. बोटाने दाबल्या की किंचित दबत, सोडल्या की पुन्हा फुगत.

मी आधी पाणी ओतले, आणि ते टिकल्यांवरून निमूटपणे ओघळून गेले. मग एका टिकलीची कड नखाने उचलू गेलो. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाहूनही पातळ असतो. त्यातून आमच्याकडच्या जांभ्याची तांबडी धूळ त्या चिकात अडकलेली, तेव्हा मी नखाने खरवडत नव्हतो, पॉलिश पेपर फिरवत होतो. पडवीत दारांच्या रंगकामातून उरलेली थिनरची बाटली होती. तिचे बूच मी उघडतही होतो. ज्या द्रवाने रंग विरघळवायचा असतो तोच रंगावर ओतायला निघालेल्या माणसाला काय म्हणावे, हे मी लिहीत नाही, कारण काकू ते तेव्हाच बोलली होती. पुढे तिने विचारले, “अरे, फणस फोडताना हाताला आणि सुरीला काय लावतो आपण?”

खोबरेल. लहानपणापासून दर उन्हाळ्यात पाहिलेली गोष्ट गाडीच्या बाबतीत मात्र सुचली नव्हती. फणसाच्या चिकात रबर आणि राळ असते. पाण्याशी त्यांचे जमत नाही, तेलाशी जमते. मऊ फडके खोबरेलात भिजवून मी प्रत्येक टिकलीवर ठेवले आणि दहा मिनिटे हात आवरला, जे या सगळ्या कामात सर्वांत अवघड होते. नंतर फडके न रगडता, गोल न फिरवता, एकाच दिशेने ओढले, तेव्हा चिकाची वळकटी होऊन ती सुटून आली. दोन ठिकाणी पिवळट छाया उरली होती. हातांच्या सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असते, म्हणून त्याचा एक थेंब दाराच्या खालच्या कोपऱ्यावर लावून पाहिला, रंग उतरत नाही अशी खात्री केली आणि मग त्यानेच ती छाया हलकेच टिपून घेतली. शेवटी शाम्पूच्या पाण्याने सगळे बॉनेट धुतले, कारण तेलकट पत्रा तासाभरात अंगणातली सगळी धूळ स्वतःकडे ओढून घेतो.

चिकाचा डाग आता कुठेही नाही. नखाचा ओरखडा आहे. उन्हात तिरके उभे राहिले की दिसतो.

फडके आणि बाटली परत द्यायला मी स्वयंपाकघरात गेलो. काकूने बाटली खिडकीच्या उजेडात धरली, घाण्यावरून आणलेले तेल किती उरले ते पाहिले आणि संध्याकाळी तो कापा फोडायला एवढे पुरणार नाही, इतकेच म्हणाली.