मशीनला नागपूरचा मे सोसला नाही

बाबांचं इतवारीत टेबल प्रिंटिंगचं काम होतं. लांबलचक दोन टेबलं, त्यांवर ताणून चिकटवलेलं कापड, आणि दोन बाजूंना दोन माणसं स्क्रीन, म्हणजे छापाची जाळीची चौकट, उचलत पुढे सरकायची. सहा रंगांचं डिझाईन म्हणजे सहा स्क्रीन. त्यांचा खर्च निघायचा तर एका डिझाईनचं तीनशे मीटर तरी छापावं लागे. गिऱ्हाईकाला हवं असायचं दीडशे. उरलेलं माळ्यावर जायचं आणि दोन वर्षांनी किलोच्या भावाने विकलं जायचं. आमच्या घरातले पडदे, उशांचे अभ्रे, आईच्या पिशव्या, सगळं त्या माळ्यावरचं. लहानपणी मला ती श्रीमंती वाटायची.

2016 साली मी संगणकावरचं डिझाईन थेट कापडावर छापणारं डिजिटल मशीन घेतलं ते या माळ्यामुळे. पर्यावरण वगैरे तेव्हा डोक्यात नव्हतं. मशीनला स्क्रीन लागत नाही, एक मीटर हवं तर एकच मीटर छापता येतं, एवढं मला पुरेसं होतं. थोडी हौसही होतीच. ऑक्टोबर 2009 मध्ये पॅरिसला अलेक्झांडर मॅक्वीन या ब्रिटिश फॅशन डिझायनरने सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातडीसारखे छापे ड्रेसच्या एकेका तुकड्यावर नेमके बसवून दाखवले होते, त्याचे फोटो मी जपून ठेवले होते. बाबांनी ते पाहिले आणि विचारलं, "हे नेसून जायचं कुठं?" कर्ज, हिंगण्याच्या एमआयडीसीत भाड्याची शेड, विजेचं कनेक्शन, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती यात वर्ष गेलं. ते सगळ्यांचंच जातं.

फेब्रुवारीत मशीन सुरू झालं आणि सोन्यासारखं चाललं. मे उजाडला.

ज्यांनी हे मशीन जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाई कापडावर पडते ती हेडच्या, म्हणजे कापडावरून फिरत शाई सोडणाऱ्या भागाच्या, खालच्या शेकडो भोकांतून. ही नोझल केसापेक्षा बारीक असतात. रोज सकाळी आधी नोझल चेक काढायचा: कागदावर बारीक रेघांच्या पायऱ्या उमटतात, जिथे रेघ गायब तिथलं नोझल बंद. त्या मेमध्ये आमच्या पायऱ्या पडक्या घाटासारख्या दिसायच्या. बाहेर 45 अंश आणि हवेत ओलावा जवळपास नाहीच. मशीनला खोलीत निदान 50 टक्के आर्द्रता लागते. आमच्याकडे दुपारी त्याच्या निम्मीही नसायची. शाई भोकातच वाळायची आणि कापडावर आडवे पांढरे पट्टे पडायचे. हेड साफ करताना जी महाग शाई गटारात गेली, तिच्यात एक स्कूटर आली असती.

आमचे मास्तर बाबांच्या काळापासूनचे, रंग नुसता बोटावर घेऊन ओळखणारे. ते म्हणाले, "भाऊ, मशीन तहानलं हाय." मग नागपूरकर जे करतो ते आम्ही केलं: मोठा कूलर आणून लावला. ओलावा आला, पण वाळ्याच्या ताट्यांतला कचराही आला, आणि कूलरच्या बाजूचं कापड ओलसर होऊन त्यावरचा रंग पसरला. पुढे अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायर आणला, त्यात बोअरचं पाणी घातलं. आठवड्यात सगळ्या मशीनवर पांढरी भुकटी. बोअरच्या पाण्यातला क्षार हवेतून येऊन बसला होता. आरओचं पाणी घातल्यावर निभावलं. विकणाऱ्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याच्या माहितीपत्रकात नागपूर नव्हतंच.

मुंबईच्या एका डिझायनरबाईंचं काम आलं तेव्हा खरी शाळा सुरू झाली. त्यांना भंडाऱ्याच्या हातमागाचा कोसा, म्हणजे टसर रेशीम, हवा होता. आता कोसा मुळातच मधाच्या रंगाचा आणि आमच्या मशीनमध्ये पांढरी शाई नाही. त्यामुळे संगणकाच्या पडद्यावरचा निळा कापडावर हिरवट उतरतो. शिवाय हातमागाच्या कापडात कुठेतरी गाठ असतेच, ती वर आली की हेडला घासते. एक हेड आम्ही असंच घालवलं. आता प्रत्येक थान आधी उजेडासमोर धरून मास्तर गाठी शोधतात, हेड थोडं उंच घेतो, आणि रंगांचा तक्ता कोशासाठी वेगळा बनवला आहे. निळ्यातला हिरवटपणा बाई शेवटी म्हणाल्या की राहू दे, छान दिसतो. त्या एका वाक्यासाठी आम्ही अकरा नमुने काढले होते.

त्यांच्यासाठी आम्ही गाऊनचे तुकडेच मांडून छापतो, बाही, पाठ, पुढा, जागच्या जागी. जिथे कात्री जाणार तिथे शाई नाही. कपडे बेतताना साधारण 15 टक्के कापड चिंध्यांत जातं असं या धंद्यात धरतात. चिंधी आमच्याकडेही होते, पण कोरी, आणि कोऱ्या कोशाला गिऱ्हाईक मिळतं.

भांडण झालं ते लेबलवरून. दुसऱ्या एका ब्रँडला आमच्या छापलेल्या सुती कापडावर 'पाण्याविना छपाई' असं लिहायचं होतं. मी म्हटलं, तुमचं कापड रिअॅक्टिव्ह शाईचं, म्हणजे धाग्याशी रासायनिक जोड धरणाऱ्या रंगाचं आहे. छपाईच्या आधी त्याला युरिया, सोडा, अल्जिनेटची खळ लावतो, नंतर वाफ देतो, आणि मग न बसलेला रंग निघून जाईपर्यंत धुतो. मशीनवर पाणी लागत नाही, टाकीवर लागतं. ते म्हणाले, सगळेच लिहितात. ते काम गेलं. त्या महिन्यात हप्ता भरताना माझा तत्त्वनिष्ठपणा मला फारसा आवडला नव्हता.

पण त्याच आठवड्यात धुलाईच्या नळाला मीटर बसवलं. पहिल्या महिन्याचा आकडा मी घरीही सांगितला नाही. आता शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला वापरतो, खळीतला युरिया जमेल तितका कमी केला आहे. पिगमेंट शाईने, म्हणजे धाग्यात न मुरता वर चिकटून बसणाऱ्या रंगाने, धुणं जवळजवळ संपतं, गरम हवेत रंग पक्का होतो; पण गडद रंग घासला की थोडा उतरतो आणि कापड किंचित ताठरतं. सुती कुर्त्याला चालतं, कोशाला नाही.

आणि खरं सांगायचं तर भाकरी अजून पॉलिएस्टरवर आहे, क्रिकेटच्या जर्सी आणि गणेशमंडळांचे टी-शर्ट. त्यात कागदावरून उष्णतेने रंग चढतो, पाणी लागत नाही. पण कापड पेट्रोलियमचं आणि वापरलेल्या कागदाचे ढीग पडतात. ही जर्सी पर्यावरणपूरक म्हणून विकायला माझी जीभ वळत नाही.

बाबांचा माळा रिकामा आहे. सध्या तिथे जुन्या स्क्रीन ठेवल्या आहेत. यंदाही एप्रिल लागताच ह्युमिडिफायर सुरू झाला, आकडा 55 वर आहे. तरी मास्तर रोज सकाळी मशीनशेजारच्या खुर्चीवर एक ओला पंचा वाळत घालतात. मी काही बोलत नाही.