ओला गोंद

परवा रात्री ‘लोर’ बघितला, केट शॉर्टलँड या ऑस्ट्रेलियन बाईंनी केलेला २०१२चा जर्मन भाषेतला पिक्चर. इथं गोव्यात, फोंड्यात धो धो पाऊस, लाइट येऊन जाऊन, पण लॅपटॉपची बॅटरी संपत आली तरी जागचा हललो नाही.

गोष्ट १९४५ची. हिटलर संपलाय, बाप एसएसचा, म्हणजे हिटलरच्या खास दलाचा अधिकारी, आईबाप दोघंही कैदेत गेलेत आणि चौदा-पंधरा वर्षांची लोर चार भावंडांना घेऊन, त्यातलं एक तर अंगावर पिणारं, दक्षिणेतून पार हॅम्बुर्गच्या पलीकडं आजीकडं पायी निघते. पोरगी जिवाची पक्की आहे, भावंडांसाठी काय वाटेल ते करते. पण डोक्यात भरलंय ते भरलंयच. तिथं १९३९पासून दहा वर्षं झाली की हिटलरच्या युवा संघटनेत जाणं सक्तीचंच होतं, म्हणजे गाणी, कॅम्प, मैत्रिणी सगळं त्यातच, मग ते खोटं आहे हे कळणार कुठून?

एका गावात अमेरिकन सैन्यानं छळछावणीतल्या प्रेतांचे फोटो लावलेत. लोर हात लावते तर गोंद अजून ओला, बोटांना लागतो. मी तिथंच पॉज केलं, पुढं बघवेना. आणि मोठी माणसं काय म्हणतात, तर हे सगळं अमेरिकेचं नाटक! मला राग पोरीचा नाही आला, त्या मोठ्यांचा आला.

मग आजोबा आठवले. तुलना अजिबात करत नाहीये, कुठं त्या छावण्या आणि कुठं आमचं गाव. पण आजोबा पोर्तुगेज शाळेत शिकलेले, गोळी घेतली का ते आता आठवत नाही आणि पोर्तुगालच्या नद्या मात्र धडाधड म्हणतात, मिन्यू, दोरू, तेजू. १९५१मध्ये तर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या सरकारनं कागदावर गोव्याची वसाहत पुसून पोर्तुगालचा प्रांतच करून टाकला. एकदा विचारलं होतं, आजोबा, तेव्हा खरंच वाटायचं का तुम्हांला तो आपला देश म्हणून? जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “वाटायचं रे. मास्तर सांगायचे ना.”

शेवटी लोर आजीच्या घरी पोचते आणि आईच्या चिनी मातीच्या हरणांचा पायाखाली चुरा करते. सबटायटल आजोबांना वाचता यायची नाहीत, रविवारी शेजारी बसून सांगत सांगत दाखवणार आहे.