मॉस्को म्हणावे की मस्क्वा?

वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला निघालेली मुले माझ्याकडे रशियन भाषेची तोंडओळख करून घ्यायला येतात. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला त्यांच्यापैकी कोणीतरी, नाहीतर त्यांना न्यायला आलेले वडील, हमखास विचारतात की इंग्रजीत बोलताना तिकडच्या शहरांची नावे इंग्रजांसारखी घ्यायची की रशियनांसारखी. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग यांची नावे इंग्रजीत इंग्रजीसारखीच घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. रशियन माणूस 'मस्क्वा' म्हणतो आणि सगळा आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटच्या 'क्वा'वर देतो. त्याच्या 'पितिर्बूर्क'मध्ये पीटर्सबर्गमधला मधला 'स' नसतो आणि शेवटचा 'ग' 'क'सारखा ऐकू येतो. तरीही इंग्रजी रूपांना मी चूक म्हणणार नाही. जुन्या रशियन इतिवृत्तातील ११४७ सालच्या ज्या नोंदीत मॉस्कोचा पहिला उल्लेख येतो, तिथे नाव 'मोस्कोव' असे आहे, म्हणजे 'मॉस्को' हे रूप त्या जुन्या नावाच्या आजच्या 'मस्क्वा'पेक्षाही जवळचे आहे. शिवाय परक्या गावाचे नाव प्रत्येक भाषा आपल्याच कानाने ऐकते. त्वेर शहरातला व्यापारी अफानासी निकितीन पंधराव्या शतकात आपल्या कोकणात उतरला, घाट चढून जुन्नरला गेला आणि तिथे पावसात अडकून राहिला. त्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात चौलचे 'चुविल' आणि जुन्नरचे 'चुनेर' झाले आहे. ते वाचताना मला त्याचा राग येत नाही, उलट तो कोणाच्या तोंडून ती नावे ऐकत असेल याचेच कुतूहल वाटते.

मात्र ज्या शहरांसाठी इंग्रजीने स्वतःचे असे नाव घडवलेलेच नाही, तिथे मी आग्रही आहे, आणि माझा आग्रह आघातापुरता आहे. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सगळी अक्षरे सारख्याच वजनाने म्हणतो. रशियनमध्ये आघात चुकला की स्वरही चुकतात, कारण आघात नसलेला 'ओ' तिथे 'अ'कडे झुकतो. व्लादिवोस्तोकमधील 'वोस्तोक' म्हणजे पूर्व दिशा. १९६१ साली गागारिन ज्या यानातून अंतराळात गेला त्याचेही नाव हेच. आघात 'तोक'वर आहे, इंग्रजीत मात्र तो 'वोस'वर घेतला जातो. केमेरोवो आणि मुर्मान्स्क यांचा आघात पहिल्या अक्षरावर, इवानोवोचा दुसऱ्यावर. 'ग्राद' किंवा 'बूर्ग'ने संपणाऱ्या नावांचा मात्र शेवटी असतो, मग ते वोल्गोग्राद असो, कालिनिनग्राद असो की येकातेरिनबुर्ग. एवढे सांभाळले तरी समोरच्या रशियन माणसाला तुमचे इंग्रजी वाक्य मध्येच थांबवून गाव कोणते ते विचारावे लागत नाही.

हे मी अनुभवाने शिकले. पहिल्याच प्रवासात मॉस्कोतील एका तिकीट खिडकीपाशी उभी राहून, हातातल्या इंग्रजी नकाशावर छापले होते तसे, मी 'ओरेल' मागितले. आतल्या बाईंनी मान हलवली. मी तीनदा म्हणाले, प्रत्येक वेळी अधिक मोठ्याने, आणि शेवटी कागदावर रशियन लिपीत लिहून तो काचेखालून आत सरकवला. त्यांनी तो वाचला, 'अर्योल!' म्हणाल्या आणि लगेच तिकीट काढायला लागल्या. या नावाचा अर्थ गरुड. त्यातल्या 'यो' या अक्षरावर दोन टिंबे असतात, पण छापताना ती बहुधा गाळतात; रशियन वाचकाचे त्यावाचून अडत नाही, इंग्रजीत नाव उतरवणाऱ्याचे मात्र अडते आणि 'यो'चा 'ए' होतो. गोर्बाचेव्ह हे आडनाव आपल्याकडे आले तेही याच वाटेने. मूळ उच्चार 'गर्बाच्योफ'.

मराठी मुलांना मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती त्यांच्या फायद्याची आहे. इंग्रजीत जोडाक्षरासारखा लिहिला जाणारा रशियन 'त्स' हा आपल्या 'चाक'मधला 'च' आहे, आणि रशियनमध्ये 'चिमणी'तला 'च'ही आहे. पोलाद कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चेरेपोवेत्स या शहराच्या नावात हे दोन्ही येतात: पहिला चिमणीचा, शेवटचा चाकाचा, आणि आघात 'वे'वर. फळ्यावर मी इंग्रजी अक्षरे लिहितच नाही. 'चिरिपवेच' असे देवनागरीत लिहिते, दोन्ही 'च'खाली वेगळ्या रंगाच्या खडूने रेघ ओढते आणि मुलांना म्हणायला लावते. बहुतेकांना ते पहिल्याच खेपेला जमते.